डिंकाची गिरकी

प्रोटॉन मी बघितलेला नाही. ज्या सरांनी त्याच्यापायी उभा जन्म घातला त्यांनीही बघितलेला नाही, त्यामुळे मला त्याची लाज वाटत नाही. पण त्या प्रोटॉनच्या आतला डिंक कुठल्या बाजूला फिरतो हे न बघता कसं ओळखायचं, ते दाखवणारं यंत्र सांगलीत माझ्या लेथवर झालं आणि साताऱ्याला भर सभेत चाललं. चाललं म्हणजे आम्ही सांगितलं त्याच्या उलट चाललं. दिवाळी अंकवाल्यांनी कामातल्या आठवणी लिहा म्हटलं, तर मला पहिली तीच आठवली.

माझं शिक्षण सातवी. धंदा टर्नरचा. ज्यांनी लेथ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुतार लाकूड धरून ठेवतो आणि हत्यार फिरवतो. आमचं उलटं. लोखंडाचा तुकडा चकात, म्हणजे लेथच्या जबड्यात, आवळायचा, तो गरागरा फिरतो, आणि आपण हत्यार गप धरून त्याला टेकवायचं. नको ते किसासारखं निघून जातं, उरतो तो जॉब. म्हणजे मी सगळा जन्म फिरणाऱ्या वस्तूच्या पुढं उभा राहून काढला. फिरण्यातलं मला कळतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कोयनेला धक्का बसला की आमच्या फडताळातली भांडी वाजायची. बाकीचे लोक भिंतीला चीर गेली का बघायचे, मी आधी लेथवर पाणसळ ठेवून बघायचो. लेथ केसभर कलला तरी जॉब निमुळता होतो.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. मिरजेचे एक तंतुवाद्यवाले चाचा सतारीच्या खुंट्यांना भोकं पाडायचं हत्यार करून घ्यायचे आणि लेथ चालू असताना डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, "मिस्त्री, तुमचं मशीन काळी चारमध्ये गातंय." कुंडलचा एक शेतकरी गुऱ्हाळाच्या चरकाचा रूळ घेऊन आला. मी मन लावून आरशासारखा गुळगुळीत करून दिला. तो हात फिरवून म्हणाला, "लय देखणा केलासा. आता ह्यात काय ऊस सापडायचा न्हाई, बायकू तोंड बगील." परत खाचा पाडून दिल्या. आणि बंद गिअरबॉक्स घेऊन येणारे तर रोजचेच. त्याला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेरिंग गेलं ते सांगायचं. झाकण न उघडता. ह्याच गोष्टीमुळं मुजावर सर माझ्याकडं आले.

नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. सर सांगलीतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. वडिलांचं हळदीच्या पेठेत दुकान, स्वतःची स्कूटर, आणि शर्टच्या खिशाला कायम शाईचा डाग. शिकवताना पुस्तकी बोलायचे, माझ्याशी घरच्यासारखं.

"मिस्त्री, एक चाक पायजे. पर ते दिसता कामा नये."

"दिसायचं न्हाई तर करायचं कशाला?"

"तेच तर हाय. न दिसता ते कुठल्या बाजूला फिरतंय ते कळलं पायजे."

मी स्टूल पुढं सरकवलं. म्हटलं, बसा आणि आधी नीट सांगा.

सरांची अडचण अशी. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नवा प्रयोग मांडायचं घाटत होतं. सर त्यातलं गणित इथं बसून करत होते, आणि तिकडच्या लोकांना ते पसंत पडून त्यांनी वर्षासाठी बोलावलं होतं. पण रजा द्यायची ती संस्थेनं. संस्थेचं मुख्य ऑफिस साताऱ्याला. अध्यक्षसाहेब उसातले मोठे बागायतदार, माणूस कडक. त्यांनी सांगून टाकलं, "सर, तुम्ही तिकडं काय करणार ते मला आणि माझ्या मेंबरांना सभेत समजावून द्या. समजलं तर रजा. न समजलं तर पोरांना शिकवा."

"आनि न्हाई दिली तर?" मी विचारलं.

"तर माझ्या जागी दुसरा जाईल. ती माणसं थांबायची न्हाईत. मी दहा वेळा अर्ज केला तरी परत असं बोलावणं येणार न्हाई." हे बोलताना सर माझ्याकडं बघत नव्हते, लेथच्या चकाकडं बघत होते.

मग त्यांनी समजावलं. मला समजलं तसं लिहितो. चूक असेल तर ती माझी.

कुठलीही वस्तू घ्या, तिच्या पार पोटात प्रोटॉन असतात. प्रोटॉनला स्वतःची गिरकी असते. भोवऱ्यासारखी म्हणायची, पण सर लगेच म्हणायचे की अगदी भोवरा नव्हे, नुसतं समजायला. प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क. क्वार्कांनाही गिरकी. तर सगळ्या विद्वानांनी धरून ठेवलेलं की ह्या तिघांची गिरकी मिळून प्रोटॉनची गिरकी होते. मग परदेशात कोणीतरी मापलं, आणि तिघांच्या वाट्याला थोडकीच आली. मोठा गोंधळ उडाला. बाकीची गिरकी कुणाची?

संशय गेला डिंकावर. तीन क्वार्क एकमेकांना चिकटून राहतात ते ज्यानं, त्याला ग्लुऑन म्हणतात. सर म्हणाले, आपण डिंक म्हणू. डिंकालाही गिरकी असते. पण डिंक दिसत नाही. बघायला वापरतात तो प्रकाश, आणि प्रकाशाला फक्त वीज असलेली वस्तू दिसते. डिंकाला वीज नाही. प्रकाश त्याच्या शेजारून निघून जातो.

"मग?"

"मग एक युक्ती हाय. लय जोरानं मारा केला तर प्रकाश आनि डिंक मिळून जड क्वार्कांची जोडी जन्माला येते. असले जड क्वार्क प्रोटॉनमध्ये मुळात राहायला नसतात. म्हंजे ते बाहेर आले तर कुणामुळं आले?"

"डिंकामुळं."

"बरोबर. आता प्रकाशालाही गिरकी असते, ती एका बाजूला ठेवून मारा करायचा आनि जोड्या मोजायच्या. मग गिरकी उलटवून परत मोजायच्या. दोन्हींत फरक पडला तर त्यावरनं डिंकाची गिरकी कुठल्या बाजूची ते निघतं. फरक किती पडायला पायजे, ते गणित माझं."

मला पटलं. बंद गिअरबॉक्सला कान लावण्यातलाच हा प्रकार.

आमचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. आत थोरली मुलगी बाळंत होऊन पडली होती आणि माझी बायको शालन तिच्यासाठी डिंकाचे लाडू करत होती. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सर मला सांगत होते, "मिस्त्री, सभेत मी असं सांगणार, की डिंकाच्या लाडवात जसा डिंक सगळं धरून ठेवतो—"

शालन फस्सकन हसली. पदर तोंडाला लावला, पण हसू आत जाईना.

"काय झालं, वहिनी?"

"सर, सभेला बायका असत्याल तर आसं बोलू नगा. लाडू बांधतो गूळ. डिंक कशाला बांधतोय? डिंक फुलतो."

"फुलतो?"

"या की आत, दावते."

सर माझ्या स्वयंपाकघरात चुलीपुढं उकिडवे बसले. कढईत तूप होतं. शालननं मुगाएवढे डिंकाचे खडे टाकले, ते तडतडून बोराएवढे झाले. पांढरे, हलके.

"आनि तूप कोमट असलं तर?"

"तर न्हाई फुलत. आत कच्चा ऱ्हातो आनि दाताला चिकटतो. ताव पायजे. ताव आला का एका खड्याचं केवढं हुतंय बगा."

सर उठून उभे राहिले, डोक्याला शिंकं लागलं तरी कळलं नाही. "ताव! मिस्त्री, हेच मी इतकी वर्षं पोरांना समजावतोय आनि मला शब्द सापडत न्हवता. ताव कमी असला तर जड जोडी जन्मतच न्हाई!" मग तिला म्हणाले, "आनि वहिनी, ते जड क्वार्क एकटे कधी येत न्हाईत. जोडीनंच येतात, आनि आले रं आले की एकमेकाकडं पाठ करून पळतात."

"म्हंजे नवराबायकूच की," शालन म्हणाली आणि माझ्याकडं बघून खडे परतायला लागली.

जाताना तिनं विचारलं, "पर सर, डिंकातबी गिरकी न्हाई निघाली तर? उरल्याली कुठं गेली म्हनायची?"

सर म्हणाले, "ते कळायलाच जायचंय."

यंत्र मी असं केलं. बिडाचं एक जड चाक कातलं, तोलून घेतलं, वर रबर चढवलं. ते आडवं बसवलं एका गोल पत्र्याच्या डब्यात. खाली जुनी थ्री फेजची मोटर, तिलाही पत्र्याचं आवरण. डब्याला वरून झाकण, झाकणात समोरासमोर दोन नळ्या, आणि बाजूला चार दिशांना चार खिडक्या, प्रत्येक खिडकीला उतरती पन्हळ. नळ्यांतून पोलादाच्या दोन गोळ्या एकदम सोडायच्या. चाक घड्याळाच्या काट्यासारखं फिरत असेल तर एक गोळी पुढच्या खिडकीतून येणार आणि एक मागच्या. उलटं फिरत असेल तर एक डावीकडून, एक उजवीकडून. हलका प्लास्टिकचा चेंडू टाकला तर तो आत टणाटणा आपटून कुठूनही निघायचा, त्यावरून काही कळायचं नाही. जड गोळी मात्र रबरावर बसायची, चाकाची चाल घ्यायची आणि खरं तेच सांगायची. पन्हळींचा बाक जमेना म्हणून त्या तीनदा मोडून केल्या. सांगलीत शंभरदा चालवून बघितलं, एकदाही चुकलं नाही. कामाच्या बाबतीत मी तेव्हाही गर्व करायचो, आताही करतो.

सभेच्या दिवशी टेम्पोत यंत्र घालून आम्ही साताऱ्याला गेलो. शालनला घरी थांब म्हटलं तर म्हणाली, "माजा डिंक हाय त्यात, मी येनार." लाडवांचा डबाही घेतला.

हॉल मोठा होता. मधल्या टेबलावर यंत्र. पुढं अध्यक्षसाहेब, मागं दार, डाव्या अंगाला बायकांचं बाकडं, तिथं ऑफिसातल्या दोघी आणि शालन. उजवीकडं भिंत. तिथल्या वायरमननं मोटर लाईनला जोडून दिली. मी चाक सुरू करून बघणार, तेवढ्यात अध्यक्षसाहेब उठून आले.

"झाकन लावलं का? थांबा. कुलूप माजं." गाडीतलं कुलूप आणून त्यांनी स्वतः झाकणाला लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "आता काय हातचलाखी न्हाई."

मी म्हटलं, "साहेब, एकदा फिरवून बगू द्या."

"समद्यांच्या म्होरंच बगू की. तयारी करून आलाय न्हवं?"

सर बोलले मात्र झकास. गिरकी सांगितली, तिघा क्वार्कांची फजिती सांगितली, डिंक दिसत नाही ते सांगितलं. ताव सांगितला तेव्हा मेंबर लोकांच्या माना हलल्या. गुळाला कायलीत ताव देणारी माणसं ती, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मी मोटर चालू केली. डब्यातून घूं आवाज यायला लागला.

"आत चाक फिरतंय," सर म्हणाले. "ते तुम्हाला दिसत नाही. पण मी झाकण न उघडता सांगतो, ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतंय. आता ह्या दोन जड गोळ्या सोडतो. एक साहेबांच्या समोर येईल, दुसरी दाराकडे जाईल."

गोळ्या सोडल्या. आत खण्ण झालं. एक गोळी उजवीकडं भिंतीवर आदळली. दुसरी डाव्या पन्हळीतून उतरून घरंगळत गेली ती बायकांच्या बाकड्याखाली.

साहेबांच्या समोर काही आलं नाही.

मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "सर, डिंक पांगला की वो!" सगळा हॉल हसायला लागला. अध्यक्षसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "सर, तुमचंच यंत्र तुमचं ऐकत न्हाई. तिकडं लोकांच्या यंत्राला काय सांगनार?"

सर पांढरे फटक पडले. एवढ्या वर्षांचं गणित, ते बोलावणं, सगळं त्या बाकड्याखाली घरंगळत गेलं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी पुढं झालो. पन्हळी सरळ होत्या, मोटरचा आवाज बरोबर होता. काय बिघडलं ते मला तरी कुठं कळत होतं? आवाजावरून बेरिंग कळतं, दिशा कळत नाही.

तेवढ्यात शालन उठली. बाकड्याखालची गोळी तिच्या हातात होती.

"आवं," ती तिथूनच मला म्हणाली, जणू आम्ही घरात आहोत, "गोळी हिकडं आली म्हंजे चाक उलटं फिरत असंल की. गोळी कशापायी खोटं बोलंल?"

अध्यक्षसाहेबांनी मान वळवली. "बाई, तुमी कोन?"

"मिस्त्रीची मालकीन."

"आनि ह्यातलं तुमास्नी काय कळतंय?"

"मला न्हाई कळत. म्हनून तर म्हनते, उगडून बगा."

साहेबांनी खिशातून किल्ली काढली. मी मोटर बंद केली. ते बिडाचं चाक, मोटर बंद झाली म्हणून लगेच थांबत नाही. साहेबांनी स्वतः झाकण उचललं आणि वाकून बघितलं. मेंबर लोक उठून भोवती गोळा झाले. चाकावर मी चुन्याचा पट्टा ओढला होता. तो सावकाश फिरत होता. उलटा.

वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "आता तीन वायरी हुत्या, तीन जोडल्या. त्यात उलटं-सुलटं काय असतंय?"

असतं. थ्री फेजच्या तीन तारांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. ऊस भागातल्या प्रत्येकाला हे ठाऊक, कारण विहिरीवरचा पंप असाच उलटा फिरतो आणि पाणी येत नाही. दहा जण एकदम म्हणाले, "फेज उलटी लागली!" आणि आता जे हसू उठलं ते वेगळं होतं.

सर यंत्राजवळ आले. पुस्तकी भाषा कुठल्या कुठं गेली. "साहेब, मी सांगितलं एक आनि गोळीनं सांगितलं दुसरं. चुकलो मी, गोळी न्हाई. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत होतो तिघा क्वार्कांची गिरकी, आनि मापलं तर निघालं भलतंच. मला जायचंय ते ह्याच्यासाठीच. आत काय चाललंय ते मला पटतंय म्हणून खरं ठरत न्हाई. कुलूप तुमचं होतं. तुमच्या कुलपाच्या आतलं त्या गोळीनं तुमाला सांगितलं का न्हाई?"

साहेबांनी थांबलेल्या चाकावर बोट ठेवलं आणि ते थोडं ढकललं, पोरासारखं. मग म्हणाले, "सांगितलं खरं. तुमाला खोटं पाडून सांगितलं." सेक्रेटरीकडं वळून म्हणाले, "रजा लिवा." आणि सरांना, "जावा. पर परत या. तितं ऱ्हायलासा तर मी न्यायला येईन."

लाडवांचा डबा तिथंच संपला. साहेबांनी दोन खाल्ले आणि शालनला म्हणाले, "डिंक चांगला फुललाय."

सर गेले, वर्षानं आले, शब्दाला जागले. प्रयोग उभा राहून निकाल यायला मात्र फार वर्षं गेली. मोठी कामं अशीच असतात, मी त्यांना हसत नाही. एक दिवस सरांचा फोन आला. जड जोड्या मोजून झाल्या होत्या. डिंकाची गिरकी शून्याच्या आसपास निघाली होती, पण मापात अजून ढिलाई होती. म्हणजे आमच्या भाषेत, व्हर्नियर लावला पण शेवटची रेघ जुळली म्हणता येत नाही. दुसऱ्या वाटेनं बघणाऱ्यांना डिंकात थोडी गिरकी दिसत होती. सगळी नाही. मी शालनला सांगितलं. ती गहू निवडत होती. म्हणाली, "मग उरल्याली कुठं हाय, ईचारलं का?" मी नव्हतं विचारलं. परत फोन लावला. सर म्हणाले, "वहिनींना सांगा, शोधतायत."

शालन जाऊन ही दुसरी दिवाळी. पोटातलं दुखणं होतं. डॉक्टर लोकांनी आत बघायचं सगळं बघितलं, तोवर उशीर झाला होता. ह्याच्यापुढं त्याबद्दल लिहीत नाही.

मागच्या महिन्यात मुजावर सर आले. आता तेही काठी टेकत चालतात. कॉलेजात विज्ञानाची एक खोली सजवतायत, तिथं आपलं यंत्र ठेवू म्हणाले. मी आधीच तेल घालून, गंज काढून, नवं रबर चढवून ठेवलं होतं. लेथ मी विकलेला नाही. चालू करून दाखवलं. चाक अजून लोण्यासारखं फिरतं.

"आनि गोळ्या?"

मी एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

"दुसरी?"

दुसरी साताऱ्याहून येताना शालननं पदराच्या गाठीत बांधून आणली, ती परत कधी दिलीच नाही. खलात घालून डिंकाचे मोठे खडे फोडायला वापरायची. बत्त्यापेक्षा बरी म्हणायची. अजून ती डिंकाच्या डब्यातच आहे. डब्यातला डिंक तिनं भरलेला आहे. मी तो डबा उघडत नाही.

"तेवढी मिळायची न्हाई, सर."

"मिस्त्री, एकीनं कसं भागंल? जोडीशिवाय तर—" सर बोलता बोलता थांबले.

"बेरिंगवाल्याकडं त्याच मापाची मिळती. आनून टाका. तुमच्या यंत्राला काय फरक कळायचा न्हाई."

यंत्र टेम्पोत चढवताना मी कॉलेजच्या वायरमनसाठी तीन तारांवर खुणेच्या चिंध्या बांधून दिल्या, आणि हात धुऊन आत आलो.